फाटकाचा सिनेमा आणि एक शोकसभा

माणसाची खरी ओळख तो कुठल्या सिनेमाला रडतो यावरून होते, असं माझं पूर्ण विचारांती बनलेलं मत आहे. पदव्या, पगार, पेहराव हे सगळं वरवरचं. अंधारात, शेजारचा बघत नसताना डोळ्यांतून जे येतं ते अस्सल. हे मत मी एकदा जेवताना घरात मांडलं. बायको म्हणाली, "तुम्ही तर परवा फरशी पुसायच्या औषधाच्या जाहिरातीला रडलात."

मी त्या जाहिरातीला रडलो नव्हतो. जाहिरातीतली आजी घरात एकटीच होती, म्हणून माझा घसा जरा दाटला होता. पण असले बारकावे समजून घेण्याची आमच्या घरात पद्धत नाही.

मी खरा रडतो तो एकाच सिनेमाला. त्याचं पडद्यावरचं नाव लांबलचक आणि काव्यमय होतं, ते कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. आमची अख्खी पिढी त्याला 'फाटकाचा सिनेमा' म्हणते. टेकडीवर बंगला, पायथ्याशी पंक्चरचं दुकान आणि मध्ये लोखंडी फाटक. बंगल्यातली मुलगी पंक्चरवाल्याच्या मुलावर प्रेम करते आणि बंगल्यातला मुलगा पंक्चरवाल्याच्या मुलीवर. एकाच खर्चात दोन जोड्या. चौघंही कोवळ्या वयाचे आहेत हे ते स्वतःच अधूनमधून बोलून दाखवतात, कारण नुसतं बघून ते पटत नाही. नायकाचं टक्कल तर एका गाण्यात स्पष्ट दिसतं. दोन बाप आहेत. श्रीमंत बापाला काही बोलायचं असलं की तो रेशमी गाऊन घालून जिना उतरतो. गरीब बापाला काही बोलायचं असलं की तो खोकतो.

या सिनेमात मध्यमवर्गाला एकच भूमिका आहे. श्रीमंत बापाच्या ऑफिसात एक माणूस फाइल घेऊन येतो, "सर, सही" म्हणतो आणि जातो. आम्ही कॉलेजातले जेवढे मित्र हा सिनेमा पुन्हापुन्हा बघायला जात होतो, ते सगळे पुढे फाइल घेऊन "सर, सही" म्हणण्याच्याच नोकरीला लागले. मी स्वतः विमा कंपनीत हेच काम इमाने इतबारे करत आलोय. पण सिनेमा बघताना तो फाइलवाला आपण आहोत असं आमच्यातल्या एकालाही कधी वाटलं नाही. आम्ही सगळे पंक्चरवाले.

तर मुलीनं एके दिवशी चहाच्या वेळी सांगितलं, "बाबा, मला एक मुलगा आवडलाय. त्याच्या वडिलांचं शोरूम आहे."

"कशाचं?"

"फरशा, नळ, कमोड वगैरे. मोठं आहे. चार मजली."

माझ्या छातीत एकदम पार्श्वसंगीत सुरू झालं. इतकी वर्षं वाट पाहायला लावून आयुष्यानं मला शेवटी माझी भूमिका दिली होती. मी नकळत खोकलो. बायकोनं उठून खिडकी लावली.

"एकच अडचण आहे," मुलगी म्हणाली. "त्याचे बाबा फार मानी आहेत आणि तू पण तसलाच आहेस. त्यांना लग्नात हजार माणसं हवीत. तुला वीस हवीत."

"वीससुद्धा खूप झाली," मी म्हणालो.

"बघ, हेच. बाबा, मला दोन्ही घरं हवी आहेत. एक मिळवायला दुसरं सोडायचं, असलं काही मी करणार नाही. त्यांचा पण आवडता सिनेमा फाटकाचाच आहे. तुम्ही एकत्र बसून तो बघा. निदान तेवढा वेळ तरी भांडणार नाही. मग आम्ही शांतपणे बोलू."

म्हणजे तिचं लग्न त्या एका संध्याकाळवर येऊन ठेपलं होतं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि काम अंगावर घेतलं. बायको म्हणाली, "घरात टीव्ही आहे. बोलवा, चहा द्या, लावा." मी तिला विचारलं, "टीव्हीवर ते फाटक केवढं दिसेल? माझ्या गुडघ्याला लागेल एवढं. गुडघ्याएवढ्या फाटकासाठी कुणी आयुष्य उधळतं का?" सिनेमा गच्चीवर, मोठ्या पडद्यावर दाखवायचा असं मी ठरवलं. त्या क्षणी मी ते ठरवलं नसतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

पहिला प्रश्न सिनेमा मिळवण्याचा. इंटरनेटवर सगळं मिळतं, असं ज्यांना काहीच हवं नसतं असे लोक सांगतात. या सिनेमाची नुसती गाणी मिळत होती. निर्मात्याच्या दोन मुलांचं हक्कांवरून कोर्टात भांडण चालू होतं आणि निकाल लागेपर्यंत सिनेमा कुठेही दाखवायला बंदी होती. श्रीमंत-गरीब भेद मिटवणाऱ्या सिनेमाच्या मालकीवरून सख्खे भाऊ एकमेकांची तोंडं बघत नव्हते. मला वाईट वाटलं, पण त्यानं सिनेमा मिळाला नाही.

शेवटी एका संग्राहकाचा पत्ता लागला. हा गृहस्थ जुन्या व्हिडिओ कॅसेट जमवतो. त्याच्या घरात माणसांना बसायला जागा नाही. पाहुणे कॅसेटींवर बसतात. त्यानं हा सिनेमा बऱ्याच वर्षांपूर्वी टीव्हीवरून टेप करून ठेवला होता.

"पूर्ण आहे ना?" मी विचारलं.

"माझ्याकडे अपुरं काही नसतं," तो दुखावून म्हणाला. "पण कॅसेट मी कुणाला देत नाही. मशीन घेऊन मी स्वतः येणार. आणि खुर्ची मला पाठीची लागते."

दुसरा प्रश्न गच्चीचा. सोसायटीचे सेक्रेटरी नियमावली उशाला घेऊन झोपतात असा त्यांचा लौकिक आहे. मी त्यांच्या दारात उभा राहिलो तेव्हा त्यांनी ती उघडलेलीच होती.

"गच्चीचा वापर तीन कारणांसाठी," ते म्हणाले. "पाण्याच्या टाकीची दुरुस्ती, कपडे वाळत घालणे आणि शोकसभा."

"सिनेमा?"

"करमणूक. नाही."

"पण यात माझ्या मुलीच्या लग्नाचा..."

"समारंभ. तोही नाही." त्यांनी माझ्याकडे खरोखरच्या सहानुभूतीनं पाहिलं. "शोकसभेला सगळं चालतं बघा. खुर्च्या, माइक, दिवे. शोकसभेला नाही कोण म्हणणार?"

मी म्हणालो की फाटकाच्या सिनेमात गरीब बापाचं काम करणारे नट वारले आहेत.

"कधी?"

"झाली बरीच वर्षं."

त्यांनी पान उलटून पाहिलं. "मुदतीची अट नाहीये. तुमचं नातं?"

"म्हणजे मी मनानं त्यांना..."

"निकटचे," सेक्रेटरींनी परस्पर ठरवून टाकलं. "कार्यक्रमात दिवंगताच्या कार्याचं दर्शन घडवता येतं. ते तुम्ही चालत्या चित्रांतून घडवलंत तर नियम त्यावर काही बोलत नाही."

सरकारी आणि निमसरकारी माणसांबद्दल लोक उगाच वाईट बोलतात. मी भारावून घरी आलो. नियमाप्रमाणे शोकसभेची सूचना खालच्या फळ्यावर लागते, हे मात्र ते बोलले नाहीत, आणि मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराची बेल वाजली. तळमजल्यावरचे निवृत्त मास्तर उभे होते. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि सोडले नाहीत.

"आत्ताच फळ्यावर वाचलं. निकटच्या व्यक्तीचं." त्यांचा आवाज फुटत होता. "फार सोशिक बाई होती हो. तुमच्यासारख्या माणसाबरोबर इतकी वर्षं काढली."

बायको बहिणीकडे चार दिवस राहून आदल्याच संध्याकाळी परत आली होती, हे मास्तरांना ठाऊक नव्हतं. ती आतून ओला हात पदराला पुसत बाहेर आली. "कोण आलंय हो?"

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग जरा नाराजीनं विचारलं, "मग गेलं कोण?"

मी समजावून सांगितलं. मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि "तरीही मी येईन" असं म्हणून ते गेले. बायकोनं दार लावलं. "मला सोशिक म्हणाले," ती म्हणाली. "जिवंतपणी कुणी म्हणालं नव्हतं." त्यानंतर दिवसभर ती बऱ्या मूडमध्ये होती, हे कबूल केलं पाहिजे.

दुसऱ्या मजल्यावर आमचे 'अनुभवी' राहतात. त्यांना सगळे अनुभवी म्हणतात, कारण जगात असा विषय नाही ज्यात त्यांना एकदा तरी वाईट अनुभव आलेला नाही. पडदा म्हणून मी पांढरी चादर मागितली होती. बायकोनं पांढरी दिली नाही. फुलाफुलांची दिली आणि उलटी बाजू वापरा म्हणाली. मी ती दोन बांबूंना बांधत होतो तेव्हा अनुभवी कात्री घेऊन वर आले.

"भोकं पाडा," ते म्हणाले.

"कशाला?"

"वारा. एकदा आमच्या ऑफिसच्या कार्यक्रमात पडदा वाऱ्यानं फुगला आणि साहेबांना घेऊन गेला."

"कुठे?"

"फार लांब नाही. पण साहेबच ते." बोलता बोलता त्यांनी चादरीला बशीएवढी भोकं पाडलीसुद्धा. ती चादर आमच्या लग्नात बायकोच्या मावशीनं दिलेली होती. मी ती बातमी बायकोला नंतर योग्य वेळी सांगायचं ठरवलं. ती योग्य वेळ अजून आलेली नाही.

संध्याकाळ झाली. भाड्याच्या खुर्च्या आल्या, प्रोजेक्टर आला, पाठीच्या खुर्चीत संग्राहक मशीनला मिठी मारून बसला. मी पाहुण्यांपुरत्या खुर्च्या आणि वर थोड्या मागवल्या होत्या. पण लोक येऊ लागले आणि येतच राहिले. फळ्यावरची सूचना वाचून सगळी सोसायटी लोटली होती. सगळे फिकट कपड्यांत. कुणी हसत नव्हतं. प्रत्येक जण माझ्यापाशी येऊन खांदा दाबत होता आणि जागा धरत होता. "सिनेमा आहे," मी कुजबुजत सांगत होतो. "असू दे, असू दे," ते म्हणत होते. "मन रमवलंच पाहिजे."

आणि मग गच्चीच्या दारात व्याह्यांची मंडळी उभी राहिली. तीही खालचा फळा वाचूनच वर आली होती. शोरूमवाले, म्हणजे मुलाचे वडील, भक्कम बांध्याचे गृहस्थ, हातात गाडीच्या चाकाएवढं पांढऱ्या फुलांचं चक्र घेऊन खाली मान घालून उभे. मागे त्यांच्या बाई, डोळ्यांना रुमाल. आणलेला केक ड्रायव्हरबरोबर परत पाठवून त्यांनी घाईघाईनं ते चक्र मागवलं होतं. त्यांच्या मागे उमेदवार, म्हणजे मुलगा. तो तोंडात रुमाल कोंबून थरथरत होता. बघणाऱ्यांना ते दुःख वाटलं. माझ्या मुलीला तो हसतोय हे कळत होतं आणि तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की मला त्या मुलाबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली.

"साहेब," शोरूमवाले गदगदून म्हणाले, "लग्नाचं काही मनाला लावून घेऊ नका. वर्षभर पुढे ढकलू."

"कुणी गेलेलं नाहीये!" मुलगी ओरडली.

"धक्का बसलाय पोरीला," मास्तर म्हणाले.

ते चक्र ठेवायला जागा नव्हती, म्हणून अनुभवींनी ते पडद्याच्या वरच्या बांबूला अडकवलं. सिनेमा सुरू झाला. आता चादर कितीही उलटी लावली तरी फुलं ती फुलं. नायिकेच्या दोन्ही गालांवर सूर्यफुलं उमलली होती आणि भोकं बरोबर नायकाच्या दातांवर आली होती. तो हसला की मागची पाण्याची टाकी दिसायची. तरीही सांगतो, पहिल्या गाण्याला माझ्या अंगावर काटा आला. मी चोरून शेजारी पाहिलं. शोरूमवाल्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी माझा रुमाल दिला. त्यांनी डोळे पुसून तो मला परत दिला आणि मी त्याच रुमालानं डोळे पुसले. त्या क्षणी हजार माणसं म्हणाले असते तरी मी हो म्हणालो असतो. वीस म्हणालो असतो तर कदाचित तेही हो म्हणाले असते. पण सिनेमा चालू असताना मध्येच बोलायचं नाही, हे दोघांचंही तत्त्व.

शेवट जवळ आला. चौघं प्रेमी फाटकाच्या आतबाहेर उभे. गज धरलेले. बंगल्यात दिवा लागतो. जिन्यावर गाऊनची सावली पडते. पायथ्याशी खोकल्याचा आवाज. अख्खी गच्ची श्वास रोखून बसली. नायक फाटकाला हात घालतो, आणि...

पडद्यावर दोन बाया आल्या. त्यांच्या पुढ्यात मोठी परात होती. "आता हे मिश्रण एकाच दिशेनं ढवळत राहा," त्यातली एक म्हणाली.

सूर्यफुलांमधून त्या ढवळत राहिल्या. मग अनुभवी दबक्या आवाजात म्हणाले, "श्रीमंत बाप साबणाचा कारखाना काढतो आणि मुलींना कामाला लावतो. मला आठवतंय."

"घरच्या घरी साबण," संग्राहक मान खाली घालून म्हणाला. "हा कार्यक्रम माझ्या बहिणीनं टेप केलाय. तिच्या लग्नाच्या आधीचं असणार हे."

"तू म्हणालास पूर्ण आहे!" मी ओरडलो.

"कॅसेट पूर्ण आहे," तो म्हणाला. "मी जमवतो. बघत नाही."

"काही हरकत नाही," शोरूमवाले उठून उभे राहिले. रडून मन मोकळं झालेल्या माणसाचा त्यांचा आवाज होता. "शेवट मला तोंडपाठ आहे. श्रीमंत बाप जिना उतरतो, टेकडी उतरतो, आपल्या हातानं फाटक उघडतो आणि गरीब बापापुढे वाकतो. म्हणतो, 'तुमचं म्हणणं मला मान्य आहे.'"

"अगदी बरोबर!" मी म्हणालो. "शब्द न् शब्द!"

शेवटाबद्दल आमचं असं पूर्ण एकमत झालं. भांडण त्यानंतर सुरू झालं.

"मग?" मी हसून म्हणालो.

"मग?" शोरूमवालेही हसून म्हणाले.

थोड्या वेळानं माझ्या ध्यानात आलं की मी ते वाकण्याची वाट बघत होतो, आणि ते मी वाकण्याची.

"साहेब, बंगलेवाले तुम्ही," ते म्हणाले.

"मी? माझ्या दोन खोल्या आहेत! तुमचं चार मजली शोरूम आहे."

"शोरूम गेलं खड्ड्यात. शिकलेली माणसं तुम्ही. मी फोन केला तेव्हा काय म्हणालात? 'आमच्याकडे दारातून शिरल्यावर पुस्तकांचं कपाट दिसेल.' मी विचारलं होतं का?"

"मी घराची खूण सांगत होतो!"

"आणि धंदा विचारलात. मी म्हटलं, संडासाची भांडी. तुम्ही म्हणालात, 'अच्छा, सॅनिटरी वेअर.' मी सरळ सांगितलं, ते तुम्ही इंग्रजीत धुऊन घेतलंत. तेच ते फाटक, साहेब! तेच!"

ही बाजू मला सुचलेली नव्हती आणि ती सुचायला हवी होती असंही मला वाटलं. पण गच्चीभर माणसं बघत होती. अशा वेळी कुणी 'खरंय तुमचं' म्हणत नाही.

"मी डोक्यावरून फरशा वाहिल्यात," शोरूमवाले गर्दीला उद्देशून म्हणाले.

"एकदा," त्यांच्या बाई म्हणाल्या. "मजूर आला नव्हता म्हणून. आणि मग दोन दिवस झोपून होतात."

"आम्ही भावंडं एका कंदिलाखाली अभ्यास करायचो," मी म्हणालो.

"वीज जायची तेव्हा," बायको म्हणाली. "तुमचे वडील वीज कंपनीतच होते ना?"

"हजार माणसं जेवायला घालायची, ही बंगल्याचीच भाषा झाली!" मी विषय बदलला.

"आणि वीस माणसांत उरकायचं म्हणजे फाटक लावणं नाही तर काय? माझ्या दुकानातली माणसं, टेम्पोवाले, प्लंबर, यांनी काय बाहेर उभं राहायचं? बोला ना!"

मी बोलायला तोंड उघडलं. आणि खोकलो. शोरूमवाल्यांनी लगेच माझ्यापेक्षा मोठ्यांदा खोकून दाखवलं. मी पुन्हा खोकलो. मास्तर मध्ये पडले. "वहिनींना विचारा," ते म्हणाले. "हे नेहमी सांगतात, लग्नाआधी दोघांनी मिळून हाच सिनेमा पाहिला होता ना? त्या साक्षीदार. सांगा वहिनी, शेवटी कोण वाकतं, आणि तो दिसायला कुणासारखा आहे?"

सगळ्यांनी बायकोकडे पाहिलं. मी विश्वासानं पाहिलं. तो सिनेमा, ती संध्याकाळ, तिनं अंधारात लावलेली टक. आमच्या संसाराचा पायाच तो.

"मला काय माहीत?" बायको म्हणाली. "त्या दिवशी मी चष्मा घातला नव्हता."

"म्हणजे?"

"चष्म्यात बरी दिसत नाही असं वाटायचं तेव्हा. पडद्यावर नुसते रंग हलत होते. एकदा तर मी चुकून पलीकडच्या माणसाशीच बोलत होते."

"आणि मी?"

"तुम्ही पण धूसरच होतात," ती म्हणाली. "आवाज बरा वाटला."

मी खुर्चीत बसलो. शोरूमवाल्यांना माझी दया आली असावी; तेही शेजारच्या खुर्चीत बसले. आजूबाजूला सगळी सोसायटी गोल करून उभी होती. मला वाटलं, विषयाच्या गांभीर्यामुळे उभी आहे. पडद्यावर साबणाच्या वड्या पडत होत्या.

"मुलं कुठायत?" शोरूमवाल्या बाईंनी एकदम विचारलं.

उमेदवार नव्हता. मुलगी नव्हती. मध्यंतरानंतर चौघं प्रेमी पळून जातात तो प्रसंग प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे आला असणार, कारण मास्तरांनी कठड्यावरून खाली वाकून पाहिलं.

"पळाले!" मी म्हणालो. दोन्ही घरं हवीत म्हणणारी पोर दोन्ही घरं टाकून गेली होती, आणि का, तर तिचा बाप खोकण्याची शर्यत लावून बसला होता. खोटं कशाला बोला, त्या भीतीत एक चिमूट अभिमानही होता. आमच्या घरात आजवर कुणी पळालं नव्हतं.

"पळेल कशाला?" बायको म्हणाली. "तिच्याकडे घराची किल्ली आहे."

तेवढ्यात गच्चीचं दार उघडलं आणि दोघं आत आली. घामानं निथळत होती. मुलीनं ओढणी कमरेला खोचली होती, उमेदवाराच्या सदऱ्यावर खुर्च्यांच्या गंजाचे डाग पडले होते.

"बाबा, उठ," मुलगी म्हणाली. "ह्या शेवटच्या दोन राहिल्यात. खुर्च्यांचा टेम्पो खाली थांबलाय आणि तो माणूस ओरडतोय."

तेव्हा मी नीट पाहिलं. गच्चीवर दुसरी एकही खुर्ची नव्हती. आम्ही गरिबीसाठी भांडत असताना ह्या दोघांनी एकेका माणसाला उठवून सगळ्या खुर्च्या जिन्यानं खाली नेल्या होत्या. संग्राहकसुद्धा मशीन मांडीवर घेऊन जमिनीवर बसला होता.

"आणि आणखी एक," मुलगी म्हणाली. तिचा आवाज जरा हलला. "आम्ही नोंदणी कार्यालयात तारीख घेतलीय. पुढच्या महिन्याची. आजच सांगायचं होतं, सिनेमा संपल्यावर."

"तो संपलाच नाही," उमेदवार म्हणाला. त्या संध्याकाळी तो पहिल्यांदाच बोलत होता.

"माणसं किती?" शोरूमवाल्यांनी आणि मी एकदम विचारलं.

"साक्षीदार तीन लागतात. एक आई, एक ह्याची आई. तिसरा..." तिनं आम्हा दोघांकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसू दाबत होती. दोन्ही एकाच वेळी करण्याची कला तिला आईकडून आलीय. "तिसरा, तुमच्यातला जो आधी खुर्ची सोडेल तो."

मी उठलो. शोरूमवालेही उठले. आधी कोण उठलं याबद्दल दोन्ही घरांत अजून एकमत नाही.

म्हणून ठरल्या दिवशी आम्ही दोघंही साक्षीदार म्हणून गेलो. शोरूमवाल्यांनी स्वतः लिहिलेलं भाषण नेलं होतं, मी इस्त्री केलेले दोन रुमाल नेले होते, एक त्यांच्यासाठी. ओळखपत्र दोघांनीही नेलं नव्हतं. ओळखपत्राशिवाय सही चालत नाही, असं तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं. आम्ही दोघं बाप भिंतीला टेकून उभे राहिलो, आणि तिसरी सही त्या कार्यालयात फाइल घेऊन आलेल्या, गळ्यात ओळखपत्र असलेल्या एका माणसानं केली. त्यानं फाइल टेबलावर ठेवली, "सर, सही" म्हणाला, स्वतःचीही एक केली आणि गेला.

बाहेर आल्यावर पाहिलं तर शोरूमची माणसं, टेम्पोवाले आणि प्लंबर फाटकापासून रस्त्यापर्यंत उभे होते. मी मोजले नाहीत. त्यांच्यामागे फिकट कपड्यांत आमची सोसायटीही होती. शोरूमवाल्यांनी सगळ्यांना आइस्क्रीम दिलं. मी वाटायला मदत केली.

पुढे निर्मात्याच्या मुलांचा खटला मिटला आणि एका दुपारी तो सिनेमा टीव्हीवर लागला. बायकोनं चष्मा घातला. शोरूमवाल्यांना मी फोन केला, त्यांनी दुकानात लावला. शेवट आला तसे आम्ही दोघं फोन कानाला लावून बसलो.

नायक खिशातून पाना काढतो, फाटकाच्या बिजागरीचे बोल्ट सोडवतो, चौघं मिळून फाटक उचलून बाजूला ठेवतात आणि निघून जातात. त्या प्रसंगात दोन्ही बाप पडद्यावर येतच नाहीत.